कुत्र्यांच्या मैदानात लहानग्यांचे काय?

महाविद्यालयाच्या वार्षिकात कुत्र्यांवर लेख! विषय ऐकताच संपादक मंडळातील माझ्या मैत्रिणीने कपाळाला हात लावला. "बेकारी आहे, परीक्षापद्धती आहे, हुंडा आहे, ते सगळे सोडून तुला कुत्रीच सापडली का?" तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. परंतु ज्यातले आपल्याला कळते त्यावर लिहावे, असे आमचे मराठीचे सर नेहमी सांगतात. आणि गेली दीड वर्षे मी रोज सकाळ-संध्याकाळ तीन घरची कुत्री फिरवते आहे. त्या पैशांतून माझी फी आणि बसचा पास निघतो. तेव्हा बेकारीचा विषय यात अजिबातच नाही असेही नाही.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील एका मोठ्या गृहसंकुलाच्या फाटकावर पहारेकरी आहेत, आई तिथल्याच चार घरी पोळ्या करते. गावाकडे चुलत्यांच्या वस्तीवर कुत्रा आहे. पण तो दिवसभर रानात, रात्री गोठ्यापाशी. कुत्र्याला पैसे देऊन फिरवून आणावे लागते हे ऐकून आजी हसून हसून लोळायचीच बाकी राहिली होती. मात्र शहरातल्या कुत्र्याचे जिणे सहाव्या मजल्यावरचे. त्याला माती दिसते ती दिवसातून दोनदा, तीही गळ्यात दोरी अडकवून. म्हणून कुंपण घातलेले, आत दोरी सोडून मोकळे धावता येईल असे मैदान ही कल्पना मला चांगलीच वाटते. अमेरिकेत बर्कली येथे १९७९ साली जमिनीखालच्या रेल्वेमार्गावरील मोकळ्या जागेत असे मैदान सुरू झाले. त्या देशातील ते पहिले मानले जाते. आपल्याकडे हैदराबादच्या महानगरपालिकेने २०१८ साली कोंडापूर भागात खास कुत्र्यांसाठी उद्यान उघडले. आता तर मोठमोठ्या गृहसंकुलांच्या जाहिरातींत पोहण्याच्या तलावाशेजारी 'पेट पार्क' असे शब्द झळकतात. माझे वडील जिथे पहारा करतात तिथेही ते आहे. चारी बाजूंनी जाळी, एक फाटक, दोन बाके. बस्स.

आणि माझे भांडण नेमके इथेच आहे. या मैदानात लहान कुत्र्यांसाठी वेगळा भाग नाही.

मी फिरवते त्यातली कोको ही पांढरी, झुपकेदार शेपटीची. सगळे तिला पॉमेरेनियन म्हणतात. वजन जेमतेम पाच किलो. त्याच मैदानात येणारा ब्रूनो हा लॅब्रॉडॉर तीस किलोचा. म्हणजे सहापट. साठ किलोच्या माणसाशी साडेतीनशे किलोचा बैल प्रेमाने दंगामस्ती करायला आला, तर त्या प्रेमाचे काय करायचे? ब्रूनो स्वभावाने गरीब आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. त्याचे मालक प्रत्येकाला सांगतात, "आमचा काही करत नाही हं." खरे आहे, पण त्याने काही करायची गरजच नसते. धावता धावता त्याचा एक पाय पाठीवर पडला तरी पाच किलोच्या जिवाचे हाड मोडू शकते. लहान जातींच्या गुडघ्याची वाटी सरकण्याचे दुखणे मुळातच फार. त्यात एका धक्क्याची भर कशाला?

याहून गंभीर गोष्ट दुसरीच आहे. पळणाऱ्या लहान जिवामागे धावणे हे कुत्र्याच्या रक्तातच आहे. दोघे खेळत असतात, लहान कुत्रे घाबरून पळू लागते, बारीक आवाजात केकाटते आणि एका क्षणात मोठ्याच्या लेखी ते कुत्रे उरत नाही, ससा होते. जाणकारांनी याला 'प्रिडेटरी ड्रिफ्ट' असे नाव दिले आहे. यात राग नसतो, वैर नसते, म्हणून आधी गुरगुरणेही नसते. मानेला धरून एकदा झटकले की संपले. जखमही फसवी. वरून दाताचे दोन ठिपके दिसतात. आतले मांस मात्र चिरडलेले असते.

गेल्या पावसाळ्यात हे असेच घडले. माझ्यासारखाच कुत्री फिरवणारा एक मुलगा डॅशहुंड जातीचे कुत्रे घेऊन आला होता. एक हस्की त्याच्या पाठीस लागला. मुलाने दोनदा हाक दिली, "काका, याला जरा आवरा!" काका बाकावर मोबाईल पाहत होते. "खेळतायत रे, खेळू दे," म्हणाले. तिसऱ्या हाकेच्या आत व्हायचे ते होऊन गेले. रक्त फारसे आले नाही, म्हणून जमलेल्या मंडळींनी काही झाले नाही असा निर्वाळा दिला. रात्री कुत्र्याला श्वास घेता येईना, तेव्हा डॉक्टरांकडे धावाधाव झाली. कुत्रे वाचले. मुलाचे काम मात्र गेले. "तू तिथे काय करत होतास?" असे त्याला विचारण्यात आले. हस्कीच्या मालकांना हा प्रश्न कुणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

वाचकहो, "खेळतायत, खेळू दे" या वाक्याइतके धोक्याचे वाक्य त्या मैदानात दुसरे नाही. खेळ आहे की छळ, हे ओळखणे काही अवघड नसते. खेळात पाळी बदलते. आता हा पुढे, मग तो. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करणे हे खेळाचे आमंत्रण. पण एकच कुत्रे सारखे पळते आहे, शेपूट पोटाशी गेली आहे, कान मागे पडले आहेत, ते बाकाखाली किंवा आपल्या पायांत शिरते आहे, तर तिथे खेळ संपलेला असतो. शंका असल्यास मोठ्याला क्षणभर पट्ट्याने धरून ठेवावे. लहान कुत्रे आपणहून परत त्याच्याकडे आले तर खेळ चालू द्यावा. दूर निघून गेले तर उत्तर मिळाले.

मी स्वतः काही गोष्टी पाळते. नवे मैदान असेल तर पहिल्या दिवशी कुत्रे न नेता एकटीने जाऊन पाहते : जाळीखाली फट आहे का, फाटक दुहेरी आहे का, माणसे बाकावर बसतात की कुत्र्यांमागे असतात. फाटकाशी चार कुत्री जमली असतील तर आत शिरत नाही. निम्मी भांडणे तिथेच जुंपतात. चेंडू, बिस्किटे नेत नाही. गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीभोवतीचा हार्नेस वापरते, कारण अशा चिमुकल्या कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते. सगळ्या लसी पूर्ण न झालेले पिल्लू तर मैदानाच्या जवळही नेऊ नये. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. लहान कुत्र्याला घाबरून एकदम हवेत उचलून धरले की बाकीची उड्या मारू लागतात. उचलायचेच तर शांतपणे, छातीशी घट्ट, पाठ फिरवून, आणि मग न थांबता फाटकाबाहेर. भांडण लागलेच तर मध्ये हात घालायचा नाही, पाणी फेकायचे. तरीही दात लागला तर जखम पंधरा मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. कुत्रे पाळीव आहे म्हणून लस टाळू नये. हे शेवटचे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण मध्ये हात घालतो तो बहुधा मालकाचा नसतो, आमच्यासारख्यांचा असतो.

पण एवढी सगळी दक्षता एका जाळीची बरोबरी करू शकत नाही. परदेशात पुष्कळ ठिकाणी साधारण पंचवीस-तीस पौंडांच्या, म्हणजे अकरा ते तेरा किलोंच्या आतल्या कुत्र्यांसाठी वेगळे कुंपण असते. इथेही एक कोपरा जाळीने तोडून त्याला वेगळे फाटक लावावे, असा अर्ज कोकोच्या घरच्या काकूंनी सोसायटीच्या सभेत मांडला. अर्ज लिहून दिला होता मी, कारण काकूंचे मराठी लिहिणे सुटले आहे. सभेत एक सद्‌गृहस्थ म्हणाले, "आता कुत्र्यांतही जातिभेद आणता का?" सगळे हसले. वडील दाराशी उभे होते, त्यांनीच मला हे सांगितले.

या विनोदावर थोडे बोलायलाच हवे. जात जन्माने चिकटते. हे कुंपण तराजूने ठरते. जातीचे कुंपण दुबळ्याला बाहेर ठेवते, हे त्याला मोकळे धावायला जागा देते. मोठ्या कुत्र्याचे त्यात काहीही जात नाही, उरलेले सगळे मैदान त्याचेच. आणि ज्या इमारतीत कामवाल्या बायांनी कोणत्या लिफ्टने जावे याची पाटी लावलेली आहे, तिथल्या मंडळींना समतेची आठवण व्हावी ती कुत्र्यांच्या मैदानावरून! असो.

कुणी असेही म्हणतात, की लहान कुत्र्याला मोठ्यांची सवय झाली पाहिजे, नाहीतर ते भित्रे होते. सवय हवी हे मलाही मान्य आहे. पण ती दोघांनाही दोरीला धरून, रस्त्याने बरोबर चालवून लावता येते. वीस मोकळ्या कुत्र्यांत सोडून देऊन लागते ती सवय नव्हे, धास्ती.

आणखी एक मागणी आहे, तिला तर एका पैशाचाही खर्च नाही. ज्याच्या हातात दोरी आहे त्याला फाटकावरून परत फिरण्याचा अधिकार असावा. "अर्धा तास मैदानात खेळव" असे सांगितलेले असते, आणि आत मोकाट चाललेला दंगा दिसत असूनही पैसे कापले जातील म्हणून पुष्कळ मुले आत शिरतात. काकूंना मी हे पहिल्याच महिन्यात स्पष्ट सांगितले : आत काय चालले आहे ते पाहून मी ठरवीन. त्या जरा गप्प झाल्या, मग "बरं, तू ठरव" म्हणाल्या. दुसऱ्या एका घरी हेच सांगितले तर ते काम मिळाले नाही.

जाळीचा अर्ज पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात घेऊ, असे कमिटीने कळवले आहे. तोवर कोकोला मी सव्वासहाला मैदानात सोडते. त्या वेळी तिथे म्हातारा पग आणि त्याची मालकीण आजी, एवढेच असतात. ब्रूनो सातला येतो. आम्ही पावणेसातलाच बाहेर पडून पाण्याच्या टाकीकडच्या रस्त्याला लागतो.