उबदार हिवाळ्याचा पंचनामा कोण करणार?



परवा गव्हाची मळणी उरकली. दोन एकरात २८ क्विंटल, म्हणजे एकरी १४ चं ॲव्हरेज पडलं. याच रानात, याच वाणाला, हिवाळा बरा असला की १८ पडतात. २०२५-२६ च्या विपणन हंगामाचा हमीभाव २,४२५ रुपये होता, तो धरला तर आठ क्विंटलचे १९,४०० रुपये गेले. गारपीट झाली नाही, रोग पडला नाही, पाणी कमी पडलं नाही. मग गेले कुठे? थंडी पडली नाही, तिथे गेले.

आपला निफाड तालुका थंडीसाठी गाजलेला. डिसेंबरात पारा पाच-सहावर आला की टीव्हीवाले कुंदेवाडीचा आकडा दाखवतात, द्राक्षबागेतल्या शेकोट्यांचे फोटो येतात. पण जानेवारीत रात्री गोधडी पायाशी लोटून झोपावं लागलं, त्याची बातमी कुणी केली का? गारठ्याची बातमी होते, उबेची होत नाही. आणि माझं नुकसान उबेनेच केलंय.

या हंगामाच्या वहीत काय लिहिलंय ते सांगतो. ऑक्टोबरच्या पावसाने सोयाबीन निघायला उशीर झाला. गहू पेरला २० नोव्हेंबरला. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राची शिफारस सगळ्यांना तोंडपाठ आहे: बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा, पुढे दर पंधरवड्याच्या उशिराला एकरी क्विंटलभर उतारा कमी होतो. त्या हिशोबाने माझा एक क्विंटल मी स्वतः घालवला, कबूल. उरलेल्या तिनाचं काय?

३० नोव्हेंबरला फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ जमिनीवर आलं. कुठे पुदुच्चेरी, कुठे निफाड! पण त्या बाष्पाने आपल्याकडेही ढग आले आणि थंडी पळाली. ढग म्हणजे रानावर टाकलेली गोधडीच. दिवसभर तापलेली जमीन रात्री मोकळ्या आभाळाखाली गार होते, ढग असले की ती ऊब खालीच राहते. ऐन फुटवे फुटायच्या वेळी हे झालं. डिसेंबरच्या मध्याला छान गारठा पडला, म्हटलं आता भरून निघेल. शेवटच्या आठवड्यात पुन्हा ढग, कुठे कुठे पाऊस. जानेवारी कोमटच गेला. फेब्रुवारीत दाणा भरायच्या वेळी दुपारी बांधावर उभं राहवत नव्हतं.

गव्हाचं गणित साधं आहे. गार हवा मिळाली की तो सावकाश वाढतो, फुटवे जास्त काढतो, दाणा भरायला वेळ घेतो. ऊब वाढली की घाई करतो. ओंबी वेळेआधी पिवळी पडते, दाणा चिकातून पुरता भरायच्या आत वाळायला लागतो. शिवाय रात्र उबदार असली तर दिवसा झाडाने कमावलेलं रात्री श्वासातच जास्त खर्च होतं. यंदाचा दाणा मुठीत घेऊन बघा, बारीक आणि सुरकुतलेला. आई म्हणाली, "ह्याचं पीठ कमी निघंल." तिला तापमानाचा आकडा सांगावा लागला नाही.

आता आकडे. हे देशाचे आहेत, निफाडचे नाहीत, पण वारं कुठल्या दिशेचं आहे ते कळतं. हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदीत ऑक्टोबर २०२४ हा सगळ्यात उष्ण ऑक्टोबर. २०२४ हे वर्षही सगळ्यात उष्ण. जानेवारी २०२५ सरासरी तापमानात तिसरा. आणि फेब्रुवारी २०२५ पहिला. त्याआधी डिसेंबर २०२२ पहिला आला होता आणि फेब्रुवारी २०२३ दिवसाच्या कमाल तापमानात पहिला.

आमचे आप्पा यावर म्हणतात, "उबदार हिवाळे आमच्याही वेळेला होते रे." खरं आहे. जानेवारीच्या यादीत यंदाच्या पुढे जी दोन वर्षं आहेत ती १९५८ आणि १९९० आहेत. आप्पा खोटं बोलत नाहीत. फरक आहे तो दोन उबदार हिवाळ्यांमधल्या अंतरात. पूर्वी एक असा हिवाळा गेला की मागून चार-पाच चांगले यायचे, माणूस सावरायचा. आता सव्वादोन वर्षांत चार महिने सव्वाशे वर्षांच्या यादीत पहिले आले. आणि हो, पुढच्या वर्षी एखादी कडाक्याची लाट येईलही. २०१८ च्या डिसेंबर अखेरीस निफाडचा पारा दोनच्याही खाली गेला होता, दव गोठलं होतं. आठ दिवसांच्या लाटेने हिवाळा थंड ठरत नाही. गव्हाला शंभर-सव्वाशे दिवस काढायचे असतात.

मला खरं बोलायचंय ते "सरासरी" या शब्दाबद्दल.

पेपरात येतं, "किमान तापमान सरासरीपेक्षा दोन अंश जास्त." कुठली सरासरी? आधी १९८१ ते २०१० ची धरायचे, आता १९९१ ते २०२० ची. दर दहा वर्षांनी सरासरी पुढे सरकवतात, जगभर हीच रीत आहे, त्यात खोट नाही. पण पुढची वर्षं जास्त उष्ण असली की सरासरीच वर चढते. मग आप्पांच्या तरुणपणी ज्या रात्रीला उबदार म्हटलं असतं, ती आज "सरासरीइतकी" ठरते.

हाच खेळ पीकविम्यात उलट्या बाजूने होतो. मंडळाचं उंबरठा उत्पादन काढताना मागच्या सात वर्षांतली चांगली पाच धरतात, त्यांची सरासरी काढतात आणि तिच्या ७० टक्के घेतात. समजा सरासरी एकरी १८ आली, तर उंबरठा झाला १२.६. आमच्या सगळ्या मंडळात माझ्यासारखेच १४ पडले तरी भरपाई शून्य. बरं, वाईट दोन वर्षं हिशोबातून वगळतात, हे चांगलंच. पण सातात तिसरं वाईट वर्ष आलं की ते सरासरीत जाऊन बसतं आणि उंबरठा आणखी खाली जातो. म्हणजे हिवाळे जितके बिघडतील तितकी भरपाई मिळणं अवघड! मी चौकशी केली तर समोरून उत्तर आलं, "तुमचं नुकसान कशाने झालं ते लिहा." काय लिहू? गारपिटीचा पंचनामा होतो, पुराचा होतो. थंडी न पडल्याचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नाही.

कुणी म्हणेल, तुझं गव्हापुरतं रडगाणं आहे, शेजारच्या द्राक्षवाल्याला विचार. विचारलं. त्याची फुगवण यंदा थांबली नाही, मणी तडकले नाहीत, तो खूश आहे. असू दे. एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन हिशोब असतात. म्हणूनच पिकाप्रमाणे तापमान मोजायला हवं. फळपीक विम्यात ते होतंच की. केळीला थंडीचे आकडे ठरलेत, इतके दिवस इतक्या खाली पारा गेला की भरपाई. मग गहू-हरभऱ्याला फुटव्यांच्या आणि दाणा भरायच्या काळातल्या उबेचे आकडे का ठरवू नयेत? महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्रं उभी आहेत. आकडे गोळा होतात. ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत आणि शेजारी जुनी सरासरीही लिहावी, कुठल्या वर्षांची ते सांगून. एवढीच मागणी आहे. ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे.

तोवर आपल्या हातातलं आपण करू. पुढच्या वर्षी सोयाबीनचा लवकर येणारा वाण घेणार, म्हणजे गहू १५ नोव्हेंबरच्या आत पेरता येईल. उशीर झालाच तर फुले समाधान, तो वेळेवर आणि उशिरा दोन्ही पेरणीला चालतो. आणि किमान-कमाल दाखवणारा तापमापक आणून सावलीत टांगणार. रोज सकाळी एक ओळ वहीत. सरकारी सरासरी दर दहा वर्षांनी सरकेल, वहीतला आकडा जागचा हलणार नाही. उद्या फॉर्मवर रकाना आला, तर भरायला आपल्याकडे काहीतरी पाहिजे ना?

तुमचा गहू कधी पेरला, एकरी किती पडला आणि जानेवारीत गोधडी अंगावर होती की पायाशी, तेवढं खाली लिहा. सगळ्यांचं एकत्र करून ठरावाला जोडतो.