भीमबेटकाचा फोटो, आल्तामिराचे छत आणि आपले फॉरवर्ड



गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गाच्या ग्रुपवर एक फोटो फिरत आला. खडकावर लाल रंगात काढलेले घोडेस्वार, हातात तलवारी आणि भाले. फोटो भीमबेटकाचा. खाली मजकूर असा की ही चित्रे आपल्या नागवंशी बौद्ध पूर्वजांनी तीस हजार वर्षांपूर्वी काढली, मनुवादी इतिहासकारांनी ती दडवून ठेवली, तेव्हा जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा. आणि पोरांनी पोहोचवली.

आम्ही ग्रुपवर लिहिले की तथागतांना होऊन अडीच हजार वर्षे झाली, मग तीस हजार वर्षांपूर्वीचे बौद्ध कोठून आणायचे? तलवारीला धातू लागतो, तो त्या काळी कोणाला ठाऊक होता? भीमबेटकाचे हे घोडेस्वार ऐतिहासिक काळातले, म्हणजे तिथल्या जुन्या चित्रांच्या मानाने अगदी अलीकडचे. त्यावर एका तरुण कार्यकर्त्याने एका ओळीत विचारले, "सर, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?"

प्रश्न आम्हाला लागला. पण प्रश्न खोटा नव्हता. ज्यांचा इतिहास हजारो वर्षे दुसऱ्यांनी लिहिला, त्यांनी कोणत्याही तज्ज्ञावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असे आम्ही म्हणणार नाही. तज्ज्ञ चुकतात, आणि त्यांच्या चुकीमागे अनेकदा अज्ञान नसते, पूर्वग्रह असतो. गुहाचित्रांच्या शोधाची गोष्टच याचा मोठा दाखला आहे. म्हणून ग्रुपवर दोन ओळींत न मावलेले उत्तर इथे सविस्तर देतो. त्यासाठी आधी स्पेनला जावे लागेल.

उत्तर स्पेनमध्ये सांतियाना देल मार या गावाजवळ आल्तामिरा नावाची गुहा आहे. १८६८ मध्ये ती सापडली ती मोदेस्तो कुबियास नावाच्या एका कष्टकरी माणसाला. शिकारीला गेला असताना त्याचा कुत्रा खडकांच्या फटीत अडकला, त्याला सोडवताना गुहेचे तोंड दिसले. त्याने ती गोष्ट जमीनदार मार्सेलिनो सान्झ दे सौतुओला यांच्या कानावर घातली. सौतुओला हौशी अभ्यासक. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी आदिमानवाने हाडांवर कोरलेल्या आकृती पाहिल्या आणि १८७९ मध्ये ते गुहेत नव्याने खोदायला गेले. सोबत लहानगी मुलगी मारिया होती. बाप खाली मान घालून जमीन उकरत होता, पोरीने वर पाहिले. छतावर लाल-काळ्या रंगात गवे उभे होते, काही अंग मुडपून बसलेले. खडकाला जिथे नैसर्गिक फुगवटा होता, तिथे चित्रकाराने गव्याचे अंग बसवले होते. लेकराला ते बैल वाटले.

शोध कोणाचा म्हणायचा? कुबियासचा, मारियाचा की सौतुओलांचा? पुस्तकात ठळक अक्षरात नाव छापून येते ते जमीनदाराचेच. पण या गोष्टीत त्या जमीनदाराचीही जी गत झाली, ती मोठी शिकण्यासारखी आहे.

१८८० मध्ये सौतुओलांनी एक छोटी पुस्तिका काढली. माद्रिदचे प्राध्यापक विलानोवा त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्याच साली लिस्बनला भरलेल्या परिषदेत हा विषय निघाला आणि युरोपातल्या मोठमोठ्या पंडितांनी तो उडवून लावला. फ्रान्सचे एमिल कार्तेलाक त्यात पुढे होते. कार्तेलाक स्वतः गुहा पाहायला गेलेही नाहीत. त्यांच्या वतीने जाऊन आलेल्या एदुआर आर्ले यांनी चित्रे अलीकडची असल्याचा निर्वाळा दिला. रंग इतका ताजा कसा? अंधारात दिवे लावून चित्रे काढली तर छताला काजळी कशी नाही? वर कुजबुज अशी, की सौतुओलांकडे येऊन राहिलेल्या एका मुक्या फ्रेंच चित्रकारानेच ती रंगवली. खरे म्हणजे तो माणूस चित्रांच्या नकला काढायला आला होता.

काजळीच्या प्रश्नाला उत्तर होते. हाडातल्या मगजाच्या चरबीवर दिवा जळला तर धूर फारच थोडा होतो. पण उत्तर कोणी शोधलेच नाही, कारण निकाल आधी लागलेला होता. रानटी माणूस असे चित्र काढूच शकत नाही, हा तो निकाल. चित्र बघायच्या आधी चित्रकाराची लायकी ठरली होती.

हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे ना? तुझ्यासारख्याला हे जमणारच नाही, आणि जमलेच असेल तर दुसऱ्या कोणीतरी करून दिले असेल. शाळेच्या बाकापासून पीएचडीच्या मुलाखतीपर्यंत आपली मुले हेच ऐकत आली आहेत. गुणवत्तेच्या नावाने आजही हाच खटला चालतो आणि त्यात पुरावा तपासण्याआधी आरोपीचे आडनाव विचारले जाते.

इथवर वाचून आमचा तरुण मित्र म्हणेल, बघा, मी तेच म्हणत होतो. थांब बाबा, गोष्ट अर्धीच झाली.

आल्तामिरा नाकारणाऱ्यांत गाब्रिएल द मोर्तिए हे आणखी एक बडे नाव होते. हे गृहस्थ कोणी सनातनी नव्हते. ते उत्क्रांतिवादी, चर्चच्या सत्तेचे कट्टर विरोधक. म्हणजे आपल्या भाषेत पुरोगामी छावणीतले. त्यांना संशय आला की उत्क्रांतीच्या विज्ञानाची फजिती करण्यासाठी स्पेनच्या पाद्र्यांनीच हा बनाव रचला असावा. चर्चशी त्यांचे भांडण न्याय्य होते. परंतु त्या भांडणाच्या चष्म्यातून त्यांनी छतावरचा गवा पाहिला आणि त्यांना गव्याच्या जागी कट दिसला. आम्ही हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ अस्वस्थ होतो. शत्रू ओळखण्यात आपण इतके तरबेज होतो, की समोरची वस्तू दिसेनाशी होते.

सौतुओला १८८८ मध्ये वारले, ठकसेनाचा डाग माथ्यावर घेऊनच. पुढे फ्रान्समध्येच एकेक गुहा उघडत गेली. १८९५ ला ला मूथ, १९०१ ला कोंबारेल आणि फों द गोम. भिंतीवर तसेच प्राणी, काही ठिकाणी हजारो वर्षांच्या गाळामागे झाकलेले. कोणी काल येऊन रंगवली असे म्हणायला जागा उरली नाही. १९०२ मध्ये कार्तेलाक यांनी एक लेख छापला. शीर्षकातच त्यांनी स्वतःला संशयखोर म्हटले आणि चूक कबूल केली. मग ते आल्तामिराला गेले. उशीर झाला होता, वीस वर्षांचा. तरीही ज्या पंडिताचा शब्द प्रमाण मानला जात होता, त्याने जाहीर लिहिले की मी चुकलो. आपल्याकडच्या कोणत्या शंकराचार्याने, कोणत्या धर्मशास्त्र्याने असे कधी लिहिले आहे?

युरोपचा अहंकार मात्र तिथे संपला नाही. कलेचा जन्म आमच्याच गुहांत झाला, हे त्यांनी पुढे शंभर वर्षे धरून ठेवले. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या हाताच्या ठशांची नोंद १९५० साली झाली होती, पण ती फार जुनी नसावीत असे गृहीत धरून विषय सोडून दिला. २०१४ मध्ये कालमापन झाले तेव्हा एक ठसा किमान ३९,९०० वर्षांचा निघाला. २०२१ मध्ये तिथलेच एक रानडुकराचे चित्र किमान ४५,५०० वर्षांचे ठरले. गृहीतक मोडले ते घोषणेने नव्हे. चित्रावर साचलेल्या चुनखडीच्या पापुद्र्यातले युरेनियम मोजल्याने मोडले.

आता आपल्या देशात या. आल्तामिराच्या छताकडे मारियाने पाहिले त्याच्या दहा-बारा वर्षे आधी, १८६७-६८ मध्ये, आर्चिबाल्ड कार्लाईल यांनी मिर्झापूरकडच्या डोंगरांत खडकचित्रे पाहिली होती. त्यांनी ती छापली नाहीत. टिपणे मित्राकडे पडून राहिली आणि १९०६ मध्ये उजेडात आली. भीमबेटकाचा पहिला लेखी उल्लेख १८८८ चा, किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा, तोही आसपासच्या आदिवासींकडून मिळालेल्या माहितीवरून. गंमत म्हणजे त्यांनी या जागेला बौद्ध स्थळ म्हटले. आमच्या मित्राला हे कळले तर तो आनंदाने उडी मारेल. पण किंकेड यांनी चित्रे तपासून ते म्हटलेले नव्हते. पुरावा नसलेले वाक्य आपल्या सोयीचे निघाले म्हणून पुरावा होत नाही.

१९५७ मध्ये विष्णु श्रीधर वाकणकर रेल्वेने भोपाळकडे जात होते. खिडकीतून त्यांना खडकांची ठेवण दिसली, तशी त्यांनी स्पेन-फ्रान्समध्ये पाहिलेली होती. ते तिथे गेले आणि भीमबेटका जगापुढे आले. सातशेहून जास्त शैलाश्रय, त्यांपैकी चारशेहून जास्त चित्रांचे. २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात नोंद झाली. वाकणकर संघाचे स्वयंसेवक होते. त्यांच्या विचारांशी आमचे कधीच जमले नसते. पण चित्रे खरी आहेत, त्यांनी केलेल्या नोंदी आणि उत्खनन खरे आहे. माणूस आपल्या छावणीतला नाही म्हणून त्याचे काम नाकारायचे, तर आपण मोर्तिएच्या रांगेत जाऊन बसू.

हां, वाद घालायचाच असेल तर नावावर घाला. भीमबेटका म्हणजे म्हणे महाभारतातल्या भीमाची बैठक. ज्यांनी चित्रे काढली त्यांना भीम ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. आमच्याकडे नाशिकच्या लेण्यांनाही लोक अजून पांडवलेणी म्हणतात. तिथले शिलालेख मात्र सातवाहन आणि क्षत्रपांची नावे सांगतात, भिक्षुसंघाला दिलेली दाने सांगतात, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे ठेवलेली रक्कम सांगतात. तिथे पांडव कुठेही नाहीत. ज्याचा कर्ता विसरला, ती वस्तू महाकाव्याच्या खात्यावर जमा करायची, ही जुनी खोड आहे आणि तिच्याशी आमचा झगडा चालूच राहील. परंतु पांडवांचे नाव पुसून तिथे पुराव्याशिवाय नागवंश लिहिला, तर खोड तीच राहिली, फक्त खातेदार बदलला.

आणि आपल्याला असे उसने घ्यायची गरज तरी काय? भीमबेटका ज्या रायसेन जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात सांची आहे. तिथल्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी हे कोरीवकाम केल्याचे ब्राह्मीत कोरलेले आहे. कारागिरांनी स्वतःच्या कामावर टाकलेली सही दगडात शाबूत असताना आपण खोट्या फॉरवर्डवर का विसंबावे?

बाबासाहेबांचा रस्ता इथे स्वच्छ आहे. 'शूद्र पूर्वी कोण होते' हा ग्रंथ त्यांनी १९४६ मध्ये महात्मा फुल्यांना अर्पण केला, आणि त्याच ग्रंथात आर्य नावाचा वंश बाहेरून आला हा सिद्धांत नाकारला. आर्य बाहेरून आले असे तर जोतीरावांनीच मांडले होते. गुरूला ग्रंथ अर्पण करायचा आणि पुराव्यावर गुरूशी मतभेद ठेवायचा, यात त्यांना विसंगती वाटली नाही. अस्पृश्यतेचा काळही त्यांनी उगाच मागे ढकलला नाही, इसवी सन ४०० च्या सुमारास ठरवला. जिथे दुवा हाती नव्हता तिथे आपण तर्काने बांधत आहोत हे सांगून टाकले.

मग ती चित्रे आपली नाहीतच का? आहेत, जशी ती सगळ्या माणसांची आहेत. गेरू आणि पांढऱ्या मातीने काढलेली शिकार, नाच, हरणे, गवे, एकावर एक चढवलेले पिढ्यांचे थर. जात तेव्हा जन्माला यायची होती. दावा जवळून सांगायचाच तर शेजारच्या एकवीस गावांच्या लोकांचा आधी ऐकावा लागेल. त्यांच्या परंपरा चित्रांतल्या जीवनाशी मिळत्याजुळत्या आहेत, असे युनेस्कोच्या नोंदीतच आहे.

जाता जाता एक. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने भीमबेटकाच्या छतावर पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा जीवाश्म सापडल्याचे जाहीर केले. २०२३ मध्ये दुसरे शास्त्रज्ञ जाऊन पाहतात तो ते जुने, गळून गेलेले मधमाश्यांचे पोळे! पहिल्या गटाच्या प्रमुखांनी ते मान्य केले. मोहोळ उतरवणाऱ्या एखाद्या माणसाला आधी विचारले असते तर दोन वर्षे वाचली असती, असे आम्हाला उगाच वाटते.

डिसेंबरात अभ्यासवर्ग भीमबेटका आणि सांची पाहायला निघतो आहे. प्रवासाची व्यवस्था तो फॉरवर्ड पाठवणारा मित्रच बघतो आहे. प्रत्येकाने वही आणायची आहे. ग्रुपवर फोटो टाकताना खाली तीन गोष्टी लिहायच्या: चित्र कोणत्या काळचे, ते कोणी ठरवले आणि कशावरून. ज्यांना यायचे आहे त्यांनी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारच्या बैठकीत नावे द्यावीत.