चेहऱ्याची काळजी सगळ्यांना, डोळ्याची कोणाला?

आठव्या महिन्यात एका सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या कडेने ओघळले. आरशात पाहिले तर तोंड डावीकडे ओढलेले आणि उजवी पापणी मिटत नव्हती. “तोंडावरून वारं गेलं,” सासूबाई म्हणाल्या. त्यानंतर घरात चर्चा एकच: चेहरा पहिल्यासारखा होईल ना? बारशाला पाहुणे येतील, फोटो निघतील. दवाखान्यात नवऱ्याचा पहिला प्रश्नही हाच. डॉक्टर म्हणाले, “बेल्स पाल्सी आहे. बहुतेकांचं काही आठवड्यांत, महिन्यांत सुधारतं.” ते खरे होते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार अधिक आढळतो, हेही खरे. पण रात्री डोळा उघडा राहतो त्याचे काय करायचे, हे कोणी सांगितले नाही. मीही भिडेपोटी विचारले नाही.

मी पंख्याखाली अर्ध्या उघड्या डोळ्याने झोपत होते. असा डोळा सुकतो, बुबुळाला जखम होते, फूल पडते, दृष्टीही जाऊ शकते. दिवसा थेंब, रात्री मलम, पापणी नीट मिटवून वर चिकटपट्टी. इतका साधा उपाय मला दहाव्या दिवशी, डोळा लालभडक झाल्यावर, एका नर्सबाईंनी शिकवला.

कुष्ठरोगातही हीच नस दुखावते. त्यात बुबुळ बधिर झाले तर डोळ्यात कचरा गेलेलाही कळत नाही. अशा बाईचा डोळा वाचवण्याऐवजी आपण तिचा संसार मोडण्याची सोय करून ठेवली होती. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. रोग औषधाने पूर्ण बरा होतो हे सिद्ध होऊन कित्येक वर्षे लोटली, तरी ते कलम काढायला २०१९ साल उजाडले. कायदा नवरा-बायको दोघांना सारखाच होता, असे कोणी म्हणेल. कागदावर होता. माहेरी कोणाला धाडले जाते, हे आपण जाणतो.

मैत्रिणींनो, बाईचा चेहरा लोकांनी पाहण्यासाठी, ही समजूत इतकी मुरली आहे की तिलाही डोळ्यांनी पाहायचे असते याचा विसर पडतो. वस्तीत कोणाचे तोंड वाकडे झाले तर अंगारे-धुपारे करण्यात दिवस घालवू देऊ नका. पहिल्या ७२ तासांत सुरू केलेल्या औषधाचा फायदा जास्त होतो. आणि तिला आधी एवढेच विचारा: “बाई, रात्री तुझा डोळा पुरता मिटतो का?”