पलटणच्या तीन अंतिम लढती, चार गुणांचे अंतर

चार हंगामांत तीन अंतिम फेऱ्या गाठूनही पुणेरी पलटणच्या वाट्याला एकच विजेतेपद का आले? संघबांधणीचे यश आणि निर्णायक क्षणांतील उणीव यांचा हा ताळेबंद.

निमोणे (ता. शिरूर) : कबड्डीच्या मैदानात गुणफलक खोटे बोलत नाही, पण तो सगळे सांगतोच असेही नाही. पुणेरी पलटणने प्रो कबड्डी लीगच्या २०२२ ते २०२५ या काळातील चार हंगामांत तीन वेळा अंतिम फेरी गाठली. या काळात अन्य कोणत्याही संघाला हे साधले नाही. त्यांपैकी डिसेंबर २०२२ मधील लढत जयपूर पिंक पँथर्सविरुद्ध २९-३३ अशी गेली, मार्च २०२४ मध्ये हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ असा विजय मिळाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दबंग दिल्लीने पलटणला ३१-२८ असे नमवले. तिन्ही सामन्यांची बेरीज केली, तर पलटणचे ८५ गुण होतात आणि प्रतिस्पर्ध्यांचे ८९. एकशेवीस मिनिटांच्या खेळात अंतर अवघे चार गुणांचे!

हे चार गुण म्हणजे एक लोण आणि त्याच्या आगेमागे झालेल्या दोन पकडी. एवढ्यावर एका संघाला 'विजेता' आणि दुसऱ्याला 'कच खाणारा' ठरवणे कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. शिरूर-दौंड पट्ट्यात त्याला अधिकच महत्त्व आहे. घोड आणि भीमेच्या खोऱ्यातील निमोण्यासारख्या गावांत कबड्डी ही दूरचित्रवाणीवर पाहण्याची गोष्ट होण्याआधी यात्रेत, शाळेच्या आवारात आणि तालमीशेजारच्या मोकळ्या जागेत खेळण्याची गोष्ट होती. या भागातील पोरांना पलटणने काय दाखवून दिले आणि कोठे ती कमी पडली, याचा विचार म्हणूनच केवळ करंडक मोजून करता येणार नाही.

तळापासून शिखरापर्यंत

२०१४ मध्ये लीग सुरू झाली, तेव्हा कबड्डीचे माहेरघर म्हणवणाऱ्या महाराष्ट्रातील या संघाची अवस्था केविलवाणी होती. पहिल्या दोन्ही हंगामांत पलटण तळाला राहिली. नंतरच्या दोन हंगामांत नामवंत खेळाडू आणून तिसऱ्या स्थानापर्यंत मजल मारली गेली. मात्र, मोठी नावे गोळा करून उभा केलेला संघ पुढच्या लिलावात विखुरतो, हा अनुभव पलटणलाही आला.

खरा बदल घडला तो संघव्यवस्थापनाने आपल्या युवा संघातून खेळाडू घडवण्याचा मार्ग धरल्यानंतर. लीगच्या नियमानुसार नवोदित युवा खेळाडूंना मुख्य लिलावाबाहेर करारबद्ध करता येते. या तरतुदीचा लाभ पलटणइतक्या चिकाटीने क्वचितच कोणी घेतला असेल. २०२१-२२ च्या हंगामात असलम इनामदार आणि मोहित गोयत ही नावे अशीच पुढे आली. त्यांच्यामागोमाग आकाश शिंदे, आदित्य शिंदे, गौरव खत्री, अबिनेश नादराजन यांनी संघात जागा मिळवली. घोड नदी ओलांडली की लागणाऱ्या तेव्हाच्या नगर, म्हणजेच आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील असलम २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. आकाश शिंदेही त्याच संघात होता. शिरूरच्या मुलांना हे उदाहरण दूरच्या हरियाणातले नव्हे, नदीपलीकडचे आहे.

पहिली लढत : दुखापतींचा फटका

१७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत वरळीच्या बंदिस्त स्टेडियमवर झालेला अंतिम सामना हा पलटणचा पहिलाच. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या गाठीशी २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सला विजेतेपद मिळवून दिल्याचा अनुभव होता. कर्णधारपदी इराणचा कोपरारक्षक फझल अत्राचली होता. साखळीत संघ दुसरा आला होता आणि उपांत्य फेरीत तमिळ थलैवाजला ३९-३७ असे चुरशीने हरवले होते.

पण ज्या दोघांच्या चढायांवर हंगाम उभा राहिला, ते असलम आणि मोहित अंतिम सामन्याला मुकले. त्यांच्या गैरहजेरीत पंकज मोहिते, आकाश आणि आदित्य यांनी किल्ला लढवला. मध्यंतराला जयपूरकडे १४-१२ अशी निसटती आघाडी होती. उत्तरार्धात ती वाढली आणि शेवटपर्यंत भरून निघाली नाही.

कबड्डीत दोन चढाईपटूंची उणीव ही केवळ दोन माणसांची उणीव नसते. मुख्य चढाईपटू बाद झाला की दुसऱ्याने स्पर्शगुण मिळवून त्याला पुन्हा मैदानात आणायचे, असा हा फेरा असतो. दुसराही जायबंदी असेल, तर पहिल्याला बाकावर बसून राहावे लागते आणि मैदानातील खेळाडूंची संख्या घटत जाते. समोर सहापेक्षा कमी बचावपटू उरले, की चढाईपटूला बोनस मिळत नाही. त्यामुळे प्रत्येक गुणासाठी थेट अंगाला भिडावे लागते. जयपूरविरुद्धच्या चार गुणांच्या पराभवाकडे पाहताना ही बाब दृष्टीआड करता येत नाही.

दुसरी लढत : एका चढाईने पारडे फिरले

पुढचा हंगाम हा पलटणचा सर्वोत्तम हंगाम. २२ साखळी सामन्यांपैकी १७ विजय, तीन बरोबरी आणि केवळ दोन पराभव. ९६ गुणांसह संघ अव्वल राहिला. उपांत्य फेरीत पाटणा पायरेट्सचा ३७-२१ असा धुव्वा उडाला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये हरियाणाशी गाठ पडली, तेव्हा पलटणचे पारडे जड मानले जात होते.

प्रत्यक्षात सामना कमी गुणांचा आणि सावध झाला. दोन्ही संघ तिसऱ्या, म्हणजे गुण मिळवणे अनिवार्य असलेल्या चढाईची वाट पाहत खेळत होते. ही कोंडी पंकज मोहितेने फोडली. पूर्वार्ध संपत आला असताना त्याने एकाच चढाईत चार गुण वसूल केले. मध्यंतराला पलटण १३-१० अशी पुढे होती आणि उत्तरार्धाच्या प्रारंभीच हरियाणावर लोण चढला. हरियाणाने नंतर झुंज दिली, पण त्या काही मिनिटांत मिळालेली आघाडी पुरेशी ठरली. पंकजने एकंदर नऊ गुण मिळवले. बचावात गौरव खत्रीने मोलाच्या पकडी केल्या.

या विजयाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. त्या हंगामापूर्वीच्या लिलावात पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले होते. त्याने हंगामात पकडींचे ९९ गुण मिळवून सर्वोत्तम बचावपटूचा मान पटकावला. सर्वोत्तम खेळाडू ठरला असलम इनामदार. म्हणजे विजेतेपद आले ते घडवलेले खेळाडू आणि विकत घेतलेला अव्वल बचावपटू यांच्या संयोगातून. 'आम्ही फक्त आमच्या पोरांवर जिंकलो,' असे म्हणणे आकर्षक असले, तरी ते पूर्ण सत्य नाही.

तथापि, पैशाने करंडक येतो असा निष्कर्ष काढणेही चुकीचे ठरेल. त्याच लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांना घेतले आणि २२ पैकी दोनच सामने जिंकून तो संघ तळाला गेला. २०२२ च्या अंतिम सामन्यात पलटणकडेही १ कोटी ३८ लाखांचा फझल होताच. महागडा मोहरा तेव्हाच उपयोगी पडतो, जेव्हा त्याच्याभोवती वर्षानुवर्षे एकत्र सराव केलेली साखळी असते.

मधले वर्ष

विजेतेपदानंतर शादलू हरियाणाकडे गेला. असलमला गुडघ्याच्या दुखापतीने ग्रासले. २०२४ च्या हंगामात गतविजेत्या पलटणला बाद फेरीही गाठता आली नाही. २९ डिसेंबर रोजी बालेवाडीत, पलटणच्याच घरच्या मैदानावर, हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असे हरवून करंडक उंचावला. शादलू त्या संघात होता. पुण्यातील प्रेक्षकांना हा विरोधाभास बोचला असल्यास नवल नाही. एक गुडघा आणि एक करार यांवर विजेता संघ किती अवलंबून असतो, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधावा लागणार नाही.

तिसरी लढत : हातातोंडाशी आलेला घास

२०२५ मध्ये रमेश यांच्या जागी अजय ठाकूर प्रशिक्षक झाला. २०१६ च्या विश्वविजेत्या भारतीय संघातील हा चढाईपटू. त्याच्या हाताखाली पलटणने १८ पैकी १३ सामने जिंकले. दिल्लीचेही तितकेच विजय होते, मात्र पलटण सरस ठरून अग्रस्थानी आली. पात्रता लढतीत या दोन संघांत ३४-३४ अशी बरोबरी झाली आणि जादा चढायांच्या डावात दिल्लीने ६-४ अशी बाजी मारली. पलटणला अंतिम फेरीसाठी आणखी एक सामना खेळावा लागला. तेथे टायटन्सवर ५०-४५ अशी मात करताना आदित्य शिंदेने २२ गुणांची लूट केली.

३१ ऑक्टोबर रोजी दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये यजमान संघापुढे पलटणची सुरुवातच डळमळीत झाली. नीरज नरवाल आणि महाराष्ट्राचा अजिंक्य पवार यांनी दिल्लीला मध्यंतरापर्यंत २०-१४ अशी आघाडी मिळवून दिली. उत्तरार्धात पलटणने १४ गुण मिळवले आणि ११ दिले. म्हणजे शेवटची वीस मिनिटे पलटणचीच होती! आदित्यने पुन्हा दहा गुणांचा टप्पा गाठला. पण सहा गुणांची खाई भरून काढताना तीन गुण कमी पडले. अखेरच्या क्षणांत आदित्यची चढाई रोखली गेली आणि ती रोखणारा होता फझल अत्राचली. २०२२ च्या अंतिम सामन्यात पलटणचे नेतृत्व करणारा तोच फझल!

उणीव कोठे?

तिन्ही लढती शेजारी ठेवल्या, की एक गोष्ट ठळकपणे दिसते. जो सामना जिंकला, त्यात मध्यंतराला पलटण पुढे होती. जे दोन हरले, त्यांत मागे होती. अंतिम सामन्यात पिछाडीवरून विजय खेचून आणणे या संघाला जमलेले नाही.

याचे कारण पलटणच्या बलस्थानातच दडलेले आहे. हा संघ एका माणसाचा नाही. पाच-सहा जण थोडेथोडे गुण मिळवतात, बचावफळी एकमेकांचा अंदाज घेत उभी राहते. दोन-तीन महिन्यांच्या साखळीत ही पद्धत अत्यंत किफायतशीर ठरते, कारण एकाचा दिवस वाईट गेला तरी दुसरा सावरतो. पण पिछाडीवर असताना घड्याळ धावू लागते. तेव्हा तीस सेकंदांच्या चढाईत धोका पत्करून दोन-तीन गुण आणणारा खेळाडू लागतो आणि संथ, शिस्तबद्ध खेळाची सवय आड येते. समोर फझलसारखा मुरलेला कोपरारक्षक असेल, तर घाईने टाकलेले एक पाऊलही महागात पडते. २०२५ मध्ये हे ओझे वारंवार आदित्यच्या खांद्यावर आले. दोन सामन्यांत त्याने ते समर्थपणे पेललेही, पण शेवटची चढाई प्रत्येक वेळी एकाच्याच नशिबावर सोडून चालत नाही.

उपाय संघ मोडण्यात नाही. पहिल्या दहा मिनिटांत अधिक आक्रमक खेळणे, पिछाडीच्या परिस्थितीचा स्वतंत्र सराव करणे आणि प्रमुख चढाईपटूंना हंगामाच्या मध्यावर आलटूनपालटून विश्रांती देऊन अखेरच्या आठवड्यासाठी ताजे ठेवणे, हे मार्ग पलटणच्या आवाक्यातील आहेत. तिसरा सर्वांत महत्त्वाचा. दोन अंतिम फेऱ्यांतील गुणांच्या फरकापेक्षा असलमच्या अनुपस्थितीची किंमत या संघाने अधिक मोजली आहे.

गावच्या मैदानासाठी धडा

हाच मुद्दा बालेवाडीहून थेट निमोण्याच्या वाटेला येऊन भिडतो. मातीवर अनवाणी खेळणारा मुलगा मॅटवर बूट घालून उतरतो, तेव्हा त्याचे वळणे, थांबणे, झेप घेणे सारेच बदलते. मातीत पाय थोडा सरकतो, मॅटवर तो धरला जातो आणि भार गुडघ्यावर येतो. व्यावसायिक संघांकडे यासाठी तज्ज्ञ असतात. गावातील संघाकडे बहुधा गरम पाण्याचा शेक आणि वडीलधाऱ्यांचा सल्ला एवढेच असते. निवड चाचणीपर्यंत पोहोचण्याआधीच गुडघा गेला, तर त्या मुलाची कोणत्याही गुणफलकावर नोंद होत नाही.

पलटणच्या यशातून गावोगावच्या क्रीडाप्रेमींनी 'आपलाही पोरगा कोटीत जाईल' एवढाच अर्थ काढला, तर तो मोठा गैरसमज ठरेल. असलम व आदित्य लिलावाच्या झगमगाटातून आलेले नाहीत. त्यांना युवा संघात सराव, आहार आणि वेळ मिळाला. तालुक्याच्या ठिकाणी शाळांना सामायिक वापरता येईल असे एखादे मॅट, प्राथमिक उपचारांचे प्रशिक्षण घेतलेला क्रीडाशिक्षक आणि दुखापतीनंतर खेळाडूला सक्तीने बसवण्याची शिस्त या तीन गोष्टी यात्रेतील रोख बक्षिसांपेक्षा अधिक फळ देतील. बक्षिसासाठी वर्गणी काढणारे गाव मॅटसाठीही ती काढू शकते.

चार हंगाम, तीन अंतिम फेऱ्या, एक करंडक. लीगच्या पहिल्या दोन वर्षांत तळाला असलेल्या संघासाठी ही वाटचाल अपयशाची निश्चितच नव्हे. राहिलेले अंतर चार गुणांचे आहे. ते मुख्यतः निरोगी गुडघ्यांनी आणि पहिल्या दहा मिनिटांतील धाडसानेच भरून निघेल.