थिजलेले तेल आणि कालामसुत्त

पिंपळे गुरवच्या घराघरांत हिवाळ्याच्या पहाटे खोबरेल तेल थिजते आणि बाटली उन्हात ठेवावी लागते. या नित्याच्या दृश्यात विज्ञानाचा एक मोठा धडा आहे, असे आम्हांस वाटते.

२०११ साली अमेरिकेतील एमआयटीचे गँग चेन व त्यांचे सहकारी यांनी हेक्झाडेकेन या द्रवात ग्राफाइटचे सूक्ष्म कण मिसळून केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. हा द्रव सुमारे १८ अंश सेल्सिअसला गोठतो. गोठताना वाढणारे स्फटिक कणांना बाजूला सारतात आणि ते एकमेकांवर दाबले जातात. त्यामुळे विजेची वाहकता सुमारे शंभरपट, तर उष्णतेची सुमारे तिप्पट होते. द्रव वितळताच दाब सुटतो व वाहकता पुन्हा घटते.

हा धडा केवळ फळ्यावर लिहून देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वसतिगृहातील मुलामुलींनी खोबरेल तेलात ग्राफाइटची पूड कालवावी, ते थिजवावे, वितळवावे आणि मल्टीमीटरवरील आकडे वहीत मांडावेत. अपेक्षित आकडा न आल्यास कारण शोधावे. केवळ ऐकीव आहे, ग्रंथात आहे वा गुरूने सांगितले म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. त्या उपदेशाचे आचरण प्रयोगशाळेत घडते.

चाकणपर्यंतच्या कारखान्यांतील यंत्रे आमच्या पिढीने चालवली. पुढच्या पिढीने ती घडवावीत. माजी विद्यार्थ्यांनी दानपारमितेचे स्मरण ठेवून यंदा प्रयोगाचे साहित्य द्यावे, ही विनंती.