नैसर्गिक आहे ना, मग काय होतंय?



गेल्या आठवड्यात आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरला. परदेशात ज्यांची मुलं-नातवंडं साप पाळतात, त्यांनी सापाच्या अंगावरच्या माइट्ससाठी निलगिरी, लवंग आणि टी ट्रीचं तेल चोळावं. केमिकल नाही, नैसर्गिक आहे, म्हणून अहिंसक! खाली सगळ्यांचे जोडलेले हात. आपल्यातल्या एकीचा नातू न्यू जर्सीत कॉर्न स्नेक पाळतो. तिने तो लगेच सुनेला पाठवलासुद्धा. मला हे मुळीच पटलेलं नाही, आणि चार ओळींत सांगण्यासारखंही नाही, म्हणून इथे लिहिते.

जैन घरात साप असावा का, त्याला उंदीर घालावे लागतात त्याचं काय, हा वाद वेगळा. मला विचाराल तर आणूच नये. आपल्याकडे तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी साप पाळायला बंदी आहे. पण नातवाने तिकडे आणलाच आहे, तर त्या पंचेंद्रिय जीवाची जबाबदारीही घरात आली.

आता 'नैसर्गिक' या शब्दाकडे येऊ. धान्यात आपण कडुनिंबाचा पाला का घालतो? कीड लागू नये म्हणून. दुखऱ्या दाढेत लवंगेचं तेल का? दाढ बधिर होते म्हणून. म्हणजे वनस्पतीत ताकद आहे, हे आपणच मानतो. मग ती किडीला लागते, दाढेला लागते आणि सापाला तेवढी लागत नाही, हे कसं? कण्हेर आणि धोतराही नैसर्गिकच आहेत. त्यांची चटणी करतो का आपण?

मी कॉमर्सवाली, म्हणून हिशेब मांडते. आपलं वजन समजा ६० किलो, कॉर्न स्नेकचं अर्धा किलो. म्हणजे आपण त्याच्या १२० पट. वजनाच्या मानाने त्याला एक थेंब म्हणजे आपल्याला १२० थेंब, सहा मिलीलीटरच्या आसपास. एवढं निलगिरीचं तेल नातवाला कोणी देईल का? आणि हा झाला फक्त वजनाचा हिशेब. सापाचं शरीर ते तेल आपल्यासारखं पचवून बाहेर टाकेल, याची हमी कोण देणार?

शिवाय साप वास जिभेने टिपतो आणि टाळूतल्या खास अवयवाने ओळखतो. बहुतेक सापांचं मुख्यतः उजवंच फुप्फुस काम करतं. श्वासपटल नसल्यामुळे आपल्यासारखं जोरात खोकून त्याला छाती मोकळी करता येत नाही. रानात उग्र वास आला तर तो निघून जाईल. काचेच्या पेटीतून कुठे जाणार? पेटी गरम ठेवलेली असते, त्यात तेलाची वाफ कोंडते. सीडारच्या सुगंधी लाकडाचा भुसासुद्धा सापाखाली घालू नये असं सांगतात, तो याच कारणासाठी.

ही माझी भीती नाही, पाहिलेली गोष्ट आहे. गुआम बेटावर बाहेरून आलेल्या ब्राउन ट्री स्नेक या सापाने तिथले पक्षी जवळजवळ संपवले. मालात लपलेले हे साप बाहेर काढायला अमेरिकी शास्त्रज्ञांनी तेलांचे फवारे वापरून पाहिले आणि २००२ साली निष्कर्ष छापले. दालचिनी, लव्हेंडर, रोझमेरी, सीडारवुड यांच्या दोन सेकंदांच्या फवाऱ्याने साप बेभान होऊन सैरावैरा धावले. ज्याने साप हुसकावतात, तेच पाळलेल्या सापाला चोळायचं आणि त्याला अहिंसा म्हणायचं?

आपल्याला तर हे कोणी शिकवायलाच नको. कमठ तापसाची धुनीही लाकडांचीच होती, आणि हेतू तपाचा होता. आत नागाची जोडी होरपळत होती, ती पार्श्वकुमारांनी जाणली. हेतू शुद्ध असला म्हणून आतला जीव वाचत नाही. आधी जाणावं लागतं.

मग करायचं काय? सापाला साध्या कोमट पाण्याशिवाय काही लावू नका. पेटीत साधा कागद अंथरा, तो वरचेवर बदला, पेटी नीट तपासत राहा. नवा साप आणला तर काही आठवडे वेगळा ठेवा. त्या खोलीत डिफ्यूझर, धूप, कापूर नको. साप तोंड उघडून श्वास घेत असेल, घरघर किंवा तोंडाशी बुडबुडे दिसत असतील, तर घरगुती उपाय करत बसू नका; सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. माइट्सचं औषधही तेच वजन पाहून देतील. माइट्स हेही जीवच, हे मला कळतं. म्हणून तर ते होऊच नयेत यासाठी स्वच्छता.

आणि ज्यांनी तो फॉरवर्ड पुढे पाठवला, त्यांनी आजच सुनेला फोन करावा. हात जोडल्याने पुण्य लागत नाही. आपल्या एका बोटाने गेलेला निरोप परत घ्यायचं कामही आपलंच.