कोंबडीचे खाद्य आणि माणसाचे औषध

गोमंतकात पाहुणा आला की शागुतीचा बेत ठरतो. परंतु ताटात आलेली कोंबडी आपल्या सहा आठवड्यांच्या आयुष्यात काय खाऊन वाढली, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही. आपल्या बाजारातील ब्रॉयलर कोंबड्यांचा मोठा भाग बेळगाव आदी शेजारच्या प्रदेशांतून येतो. म्हणूनच हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

खाद्यात प्रतिजैविकांची अल्प मात्रा मिसळल्यास कोंबडी लवकर वाढते, हे 1950 च्या सुमारास अमेरिकेत दिसून आले आणि ती प्रथा जगभर रूढ झाली. तिची किंमत पुढे कळली. रोज थोडे थोडे औषध पचवून जंतू त्याला सरावतात आणि तेच औषध माणसाच्या रोगावर निष्प्रभ ठरते. स्वीडनने 1986 मध्ये आणि संपूर्ण युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून वाढीसाठी प्रतिजैविके देण्यास बंदी घातली. दिल्ली परिसरातील सत्तर नमुन्यांपैकी चाळीस टक्क्यांत औषधांचे अंश आढळल्याचे विज्ञान व पर्यावरण केंद्राने 2014 मध्ये दाखवून दिले. डॉक्टरांच्या हातचे अखेरचे अस्त्र असलेल्या कोलिस्टिनचा पशुखाद्यातील वापर आपल्या देशात बंद व्हायला मात्र 2019 साल उजाडले.

आता पर्याय म्हणून फॉर्मिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी सेंद्रिय आम्ले पुढे आली आहेत. त्यांचे तत्त्व आपल्या घरोघरच्या लोणच्याहून निराळे नाही: आंबटात अपायकारक जंतू फोफावत नाहीत. हे आम्ल साल्मोनेलासारख्या जंतूच्या पेशीत शिरून तेथे विघटित होते; ते बाहेर टाकण्यातच जंतूची शक्ती खर्ची पडते. उपाय स्तुत्य आहे, परंतु तो रामबाण नव्हे. साधे आम्ल आतड्याच्या शेवटापर्यंत पोहोचत नाही. त्यावर स्निग्ध पदार्थाचे वेष्टण द्यावे लागते. मात्रा अधिक झाली तर कोंबडी खाद्य कमी खाते. शिवाय कोंदट, ओल्या भुशाच्या, दाटीवाटीच्या खुराड्यावर कोणतेही आम्ल हा उतारा नाही.

खरी मेख वेगळीच आहे. करारावर कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्याला पिल्ले कंपनी देते, खाद्यही कंपनीच देते. पोत्यात काय आहे हे ठरविण्याचा अधिकार त्याला नाही. मग त्याला केलेल्या उपदेशाचा उपयोग काय? जबाबदारी खाद्य बनविणाऱ्यावर असली पाहिजे. प्रत्येक पोत्यावर औषधांची व आम्लांची स्पष्ट नोंद हवी. गोवा सरकारने सीमेवरील नाक्यांवर येणाऱ्या कोंबड्यांचे नमुने नियमितपणे तपासावेत आणि निष्कर्ष लोकांपुढे ठेवावेत. परराज्यातील खुराड्यांवर आपली सत्ता चालत नाही हे खरे. पण आपल्या बाजारावर ती निश्चितच चालते.

कोंबडी चार दिवस उशिरा वजनात भरली तर किलोमागे थोडे अधिक पैसे मोजावे लागतील. तापाने फणफणलेल्या मुलाला औषध लागू पडेनासे झाले, तर ती किंमत कोणत्या तराजूत तोलणार?